शिकविणारीचें शिक्षण

कुपोषणाचा विषय निघाला कीं आपल्यापुढें प्रथम येतें तें अन्न. तांदूळ किती दिला, डाळ मिळाली कीं नाहीं, अंडीं वेळेवर पोंचलीं कीं मध्येंच कोठें अडलीं, याची चर्चा वर्तमानपत्रांत होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु त्या अन्नाइतकीच महत्त्वाची अशी एक व्यक्ति या हिशेबांतून बहुधा सुटून जाते. गांवांतल्या दुसऱ्या बायकांच्या घरीं जाऊन, बाळाला जन्मानंतर पहिल्या तासांतच अंगावर घ्यावें, सहा महिने वरचें पाणीसुद्धां देऊं नये, सहा महिने पुरे होतांच मऊ पण घट्ट अन्न सुरू करावें, असें सांगणारी ती बाई. तिला आपण अंगणवाडी सेविका म्हणतों, आशा म्हणतों. ती इतरांना शिकविते. मग तिला कोण शिकवितो? कोठें, कोणत्या भाषेंत आणि किती वेळां शिकवितो? आज मला एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आणि तो नुसता हवेंत होऊं नये म्हणून आपण गडचिरोली जिल्ह्यांतील अहेरीकडे वळूं.

अहेरी हें प्राणहिता नदीच्या कांठचें गांव. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन ही नदी बनते. तिचा पलीकडचा कांठ तेलंगणाचा. एके काळीं चांदा जिल्ह्यांतील सर्वांत मोठी जमीनदारी ती अहेरीची. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला, तेव्हां अहेरी त्या नव्या जिल्ह्यांत आली. जिल्ह्याच्या मुख्य गांवापासून ती शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तिच्याही पुढें भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या बाजूंना साग-बांबूचें रान पसरलेलें. पावसाळ्यांत पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या फुगल्या म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें जिल्ह्यांतील शेंकडा ३८.७ लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि त्यांतील माडिया गोंडांची गणना शासनानें विशेष दुर्बल जमातींत केली आहे. अहेरीच्या बाजारांत मराठी आणि तेलुगू खांद्याला खांदा लावून चालतात. रानांतल्या टोल्यांवर गोंडी आणि माडिया ऐकूं येतात.

आतां अशा टोल्यावरच्या सेविकेकडून आपण काय काय अपेक्षितों तें पाहा. लहान मुलांना गाणीं-गोष्टी सांगून शाळेची गोडी लावावयाची. त्यांना ताजा आहार शिजवून द्यावयाचा. दर महिन्याला वजन-उंची मोजून तक्त्यावर मांडावयाची. गरोदर बाईच्या घरीं जावयाचें, बाळंतिणीच्या घरीं जावयाचें. लसीकरणाच्या दिवशीं मुलें गोळा करावयाचीं. आणि हें सारें नोंदवहींत व फोनमध्यें भरावयाचें. थोडक्यांत, ती शिक्षिका, परिचारिका, स्वयंपाकीण आणि कारकून अशी चौघींचें काम करणारी एकटी स्त्री आहे. सोबतीला असली तर एक मदतनीस. शहरांत यांतील प्रत्येक कामाला निराळी पदवी लागते. तेव्हां तिचें शिक्षण ही कांहीं वरवरची बाब नव्हे. सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी कागदांत रुळला आहे. पण तो जन्मला आपल्याच मराठी मुलखांत. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. पुढें १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. आदिवासी मुलें बालवाडींत येत नाहींत असें दिसल्यावर या दोघींनीं मुलांना दोष दिला नाहीं; त्या आपली शाळाच मुलांच्या अंगणांत घेऊन गेल्या. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शाळा कुरणावर नेली. खडे, बिया, पानें, फुलें हींच शिकण्याचीं साधनें केलीं. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हां हा 'अंगणवाडी' शब्द तिनें उचलला. शब्दाबरोबर त्यांतला विचारही उचलला गेला असता तर किती बरें झालें असतें! ज्याला शिकवावयाचें त्याच्या अंगणांत जावें, हा नियम मुलाला लागू आहे, आईला लागू आहे, आणि सेविकेलाही लागू आहे. पहिल्या दोघांच्या बाबतींत आपण तो थोडाफार पाळतों. तिसरीच्या बाबतींत मात्र विसरतों.

सर्वसाधारण प्रशिक्षण-शिबिर कसें असतें, याचें चित्र आपणांपैकीं पुष्कळांना परिचित असेल. कोणत्या तरी मोठ्या गांवचें सभागृह. समोर पडदा. दुरून प्रवास करून आलेल्या साठ-सत्तर बाया. कित्येकींच्या मांडीवर मूल. व्याख्याते एकामागून एक येतात. प्रथिनें, कर्बोदकें, स्निग्ध पदार्थ, सूक्ष्म पोषकद्रव्यें हे शब्द पडद्यावरून सरकत जातात. दुपारीं जेवण, सायंकाळीं हजेरीपत्रकावर सही, आणि जातांना एक रंगीत तक्ता. अहवालांत नोंद होते कीं इतक्या सेविका प्रशिक्षित झाल्या. पण दुसऱ्या दिवशीं ती सेविका आपल्या टोल्यावर परत गेली, आणि सात महिन्यांच्या नातवाला कांठोकांठ पाण्यासारखी पेज पाजणाऱ्या आजीसमोर बसली, म्हणजे त्या शिबिरांतला कोणता शब्द तिच्या उपयोगीं पडतो?

भाषेचेंच पाहा. मराठींत 'पाला' म्हणजे झाडाचीं पानें. नदीपलीकडच्या आणि अलीकडच्याही तेलुगूंत 'पालु' म्हणजे दूध. शेवग्याचा पाला खा म्हणून मराठींतून सांगितलें तर तेलुगू घरांतल्या कानाला पहिल्यांदा काय ऐकूं येईल, याची कल्पना आपणच करा. हें केवळ गमतीचें उदाहरण नव्हे. प्रशिक्षण देणारा पुस्तकी मराठींत बोलतो. सेविका तें मनांत तेलुगूंत किंवा माडियांत उतरविते. आणि मग तें आईला सांगते. प्रत्येक उतरणींत थोडें सांडतें. म्हणून अहेरीसारख्या ठिकाणीं शिबिराचा पहिला तास शब्दांनाच द्यावयास हवा. वाढ, अशक्तपणा, घट्ट, पातळ, भूक, चीक, यांना तुमच्या घरीं काय म्हणतात, असें सेविकांनाच विचारावें, आणि ते शब्द फळ्यावर लिहून शिकविणाऱ्यानें स्वतः पाठ करावे. असें केल्यानें एक दुसरा लाभ होतो. त्या एका तासांत सेविका ही शिक्षिका होते आणि बाहेरून आलेला विद्वान विद्यार्थी होतो.

दुसरी गोष्ट मापाची. 'एक वाटी डाळ, दोन चमचे तेल' असें आपण सहज म्हणतों. कारण आपल्या मनांत आपल्या घरची वाटी असते. टोल्यावरच्या घरीं ती वाटी नसेल, तर त्या सूचनेला कांहींच अर्थ उरत नाहीं. त्या घरांतलेंच भांडें, तीच पळी, तोच पानाचा द्रोण घेऊन माप ठरविलें, तरच तें आईच्या हातांत राहतें.

अनुभवानें सिद्ध झालेल्या दोन मराठी उदाहरणांकडे आतां वळूं. पहिलें अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, जामखेडचें. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनीं १९७० सालीं तेथें आरोग्य प्रकल्प आरंभिला. गांवानेंच निवडून दिलेल्या, बहुतेक अक्षरशत्रु अशा स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका केलें. या बायांना एकदांच बोलावून सारें ज्ञान डोक्यांत कोंबलें नाहीं. त्या ठराविक दिवसांनीं जामखेडला येत, शिकत, परत जात. गांवांत जें अडलें तें घेऊन पुन्हां येत. शिक्षण आणि काम यांचा असा झोका सतत हालत राहिला. तीच त्यांची पाठशाळा.

दुसरें उदाहरण खुद्द गडचिरोलीचें. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था येथें सुरू केली. नवजात अर्भकांचे मृत्यु घरच्या घरीं टाळतां येतील काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनीं ३९ गांवांतील, थोडेंसें शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलें. बाळाचें वजन करणें, त्याला उबदार ठेवणें, आईला अंगावर पाजण्यास मदत करणें, धोक्याचीं लक्षणें ओळखणें, हें त्यांना हातानें करून शिकविलें. लहान बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक वेळां चालला तर तें धोक्याचें. तो मोजण्यासाठीं मोठ्या यंत्राची आवश्यकता नव्हती. नीट मोजण्याची संवय तेवढी लागत होती. पंधरवड्यांतून एकदां जाणकार माणूस गांवांत जाऊन त्यांचें काम तपासून पाहत असे. याचा परिणाम काय झाला? १९९३ ते १९९५ या काळांत या गांवांत दर हजार जन्मांमागें ६२ अर्भकें पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत; १९९७-९८ मध्यें तो आंकडा सुमारें २५ वर आला. १९९९ सालीं हा वृत्तांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला, आणि २०११ सालीं घरपोंच नवजात बालसेवा ही देशभरच्या आशांच्या कामाचा भाग झाली.

या दोन्ही प्रयोगांतून जो धडा मिळतो तो अगदीं साधा आहे. थोडें शिकवावें, करून दाखवावें, करवून घ्यावें, कामाला पाठवावें, काम पाहावें, आणि पुन्हां थोडें शिकवावें. आशांच्या शिक्षणक्रमांत ही गोष्ट कांहींशी उतरली आहे. त्यांचें सहावें आणि सातवें पुस्तक वीस दिवसांचें. पण ते वीस दिवस एकदम नाहींत. पांच पांच दिवसांच्या चार फेऱ्या, आणि मधल्या काळांत गांवांतला सराव. २०१८ सालच्या ८ मार्चला पोषण अभियान सुरू झालें, त्यांतही सेविकांसाठीं एकवीस लहान पाठ योजले गेले. दर महिन्याच्या बैठकींत एक विषय घ्यावा आणि तो महिनाभर घरोघरीं वापरावा, अशी ती कल्पना. कागदावर ती उत्तम आहे. मात्र ती महिन्याची बैठक जर आंकडे गोळा करण्यांत आणि राहिलेल्या नोंदींबद्दल बोलणीं ऐकण्यांतच संपली, तर एकवीस पाठ कपाटांतच राहतात. पर्यवेक्षिकेनें त्या बैठकीचा पहिला तास पाठाला द्यावा आणि हिशेब मागाहून घ्यावा, एवढा एक बदल पैशांवांचून होण्यासारखा आहे.

अशा पाठांतला एक पाठ आपण डोळ्यांसमोर आणूं. विषय, सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचें अन्न. शिकविणारीनें व्याख्यान देऊं नये. दोन चुली पेटवाव्या. एकीवर नेहमींची पातळ पेज, दुसरीवर तोच तांदूळ आणि थोडी डाळ घालून घट्ट शिजविलेला गुरगुट्या भात. मग दोन्हींत चमचा बुडवून तो तिरपा करावा. जें चमच्यावरून ओघळून जातें तें बाळाचें पोट भरतें पण अंग भरत नाहीं; जें चमच्यावर ठरतें तें खरें अन्न. सात किलो वजनाच्या बाळाच्या पोटांत एका वेळीं दोनशे मिलिलिटरांच्या आसपासच अन्न मावतें. त्यांत पाणीच अधिक गेलें तर बाळ रडत नाहीं, आई समाधान मानते, आणि वजन मात्र हलत नाहीं. या वयांत आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारें दोनशे उष्मांक बाहेरून हवे असतात. लहान चमचाभर तेलांत पंचेचाळीसच्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे भातावर घातलेलें तेवढें तेल त्या गरजेचा पांचवा हिस्सा भागवितें. हें गणित सेविकेला पाठ असण्याची जरूर नाहीं. तिनें चमचा तिरपा करून दाखविला कीं आजीला तें कळतें.

मग बाकीचें कोठून आणावयाचें? येथें शिकविणाऱ्यानें गप्प राहून ऐकावें, असें मला वाटतें. पावसाळ्याच्या तोंडीं उगवणारा तरोटा, कुड्याचीं फुलें, बांबूचे कोंवळे कोंब म्हणजे वास्ते, अंबाडी, शेवगा, नदी-बोडींतले मासे आणि खेकडे, घरची कोंबडी आणि तिचीं अंडीं, चारोळी, टेंभरें. यांपैकीं काय केव्हां मिळतें, काय कसें शिजवावें, आणि कोणतें आधीं उकळून पाणी टाकूनच खावें, हें आपणां शहरवासीयांपेक्षां ती शतपट जाणते. तिला ठाऊक नसतें तें एवढेंच, कीं यांतलें काय, किती मऊ करून, कोणत्या महिन्यापासून बाळाला चालतें. तिचें ज्ञान आणि आपलें ज्ञान एका पातेल्यांत शिजलें, तर त्यांतून पाठ तयार होतो. १९९१ च्या सुमारास व्हिएतनाममध्यें जेरी आणि मोनीक स्टर्निन या दांपत्यानें नेमकें हेंच केलें. सारें गांव गरीब, तरी कांहीं गरीब घरांतलीं मुलें धडधाकट कशीं, असें त्यांनीं विचारलें. शोध केल्यावर दिसलें कीं त्या घरच्या आया भातखांचरांतले बारीक झिंगे आणि खेकडे व रताळ्याचा पाला मुलांच्या भातांत घालीत आणि दिवसांतून अधिक वेळां भरवीत. उत्तर गांवांतच होतें. बाहेरून आणावी लागली ती फक्त शोधक दृष्टि. अहेरी हाही भाताचा आणि पाण्याचा मुलूख आहे. तेव्हां तेथेंही आधीं असाच शोध घ्यावा.

सांगण्याची रीत हा आणखी एक विषय. आपल्याकडे उपदेश करणें म्हणजे शिकविणें अशी समजूत फार खोल गेली आहे. सेविकेला सभागृहांत उपदेश मिळाला तर ती घरोघरीं उपदेशच वाटणार. रोवणीच्या दिवसांत पहाटे शेतावर जाणाऱ्या सुनेला, बाळाला दिवसांतून चार-पांच वेळां भरवा, असें सांगणें सोपें आहे. तिच्या मागें बाळ कोणाजवळ असतें, तें विचारणें कठीण. मोहफुलें वेंचण्याचे दिवस, तेंदूपत्त्याचा हंगाम, धानाची रोवणी, या काळांत बाळाची राखण आठ वर्षांच्या ताईकडे असते. तेव्हां शिकवावयाचें तें त्या ताईला आणि आजीला. म्हणून चांगल्या शिबिरांत नाटुकलीं करवून घेतात. एक सेविका सासू होते, एक सून, एक नवरा, आणि चौथी त्यांच्या दारांत जाऊन बसते. तिनें पहिल्या पांच मिनिटांत कांहीं सांगावयाचें नाहीं. फक्त विचारावयाचें आणि ऐकावयाचें. असें एकदां करून पाहिलें म्हणजे ऐकणें हें किती कठीण काम आहे, तें सर्वांनाच कळतें.

मोजमापाचें शिक्षणही हातांनींच व्हावें. वजनकांटा आधीं शून्यावर आणणें, बाळाचे जाड कपडे काढणें, उंची मोजतांना दुसऱ्या बाईनें गुडघे धरणें, या क्षुल्लक वाटणाऱ्या क्रिया चुकल्या तर सारा तक्ताच खोटा पडतो. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर रंगीत पट्टीनें मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, आणि त्याला तांतडीनें पुढें पाठवावयाचें, साडेबारापर्यंत मध्यम. अर्ध्या सेंटिमीटराच्या चुकीनें एखादें मूल दवाखान्याऐवजीं घरींच राहूं शकतें. आणि पावसाळ्यांत अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंतची वाट नाल्यांनीं अडविली असेल, तर दोन आठवडे आधीं ओळखलेलें मूल आणि दोन आठवडे उशिरा ओळखलेलें मूल यांत जगण्या-मरण्याचें अंतर पडतें. शिबिराचा खरा कस तेथें लागतो.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो रास्त आहे. घरांत दाणाच नसेल तर शिकवून काय उपयोग? उपाशी आईला आहारशास्त्र सांगणें ही क्रूर थट्टा नव्हे काय? होय, अन्नावांचून शिक्षण ही थट्टाच ठरेल. म्हणूनच २०१५ साली महाराष्ट्रानें आदिवासी भागांत सुरू केलेल्या अमृत आहार योजनेचें मोल मोठें आहे. तींत गरोदर व स्तनदा मातेला दिवसांतून एक वेळचें पूर्ण ताजें जेवण मिळतें, आणि लहान मुलांना अंडीं किंवा केळीं. पण त्याच योजनेकडे दुसऱ्या बाजूनें पाहा. अंगणवाडींत मिळालेलें अंडें सहा-सात महिन्यांच्या बाळाला चालतच नाहीं अशी घरची समजूत असेल, तर तें अंडें थोरल्या भावाच्या पोटांत जातें. गरोदर बाईनें कमी खाल्लें तर बाळंतपण सुकर होतें असें आजी म्हणत असेल, तर पुढ्यांतलें ताट अर्धें परत जातें. अन्न दारापर्यंत शासन आणतें. दारापासून तोंडापर्यंतचा रस्ता सेविकेच्या जिभेवरून जातो.

आंकड्यांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. महाराष्ट्रानें २००५ सालीं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलें. दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचें प्रमाण २००५-०६ मध्यें शेंकडा ३९ होतें. २०१२ च्या पाहणींत तें २३ वर आलें. हें श्रेय एकट्या प्रशिक्षणाचें नव्हे; पण गर्भधारणेपासूनच्या पहिल्या हजार दिवसांवर साऱ्या यंत्रणेचें लक्ष वळलें, त्यांत सेविकांच्या शिक्षणाचाही वांटा होता. पुढें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत राज्यांतील पांच वर्षांखालील शेंकडा ३५.२ मुलें खुरटलेलीं आढळलीं. वयोगट निराळा असल्यामुळें या दोन आंकड्यांची थेट तुलना करूं नये. तथापि काम संपलेलें नाहीं, एवढें त्यांतून निश्चित कळतें.

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचाही नाहीं. अमेरिकेंत १९१४ च्या कायद्यानें शेतकरी कुटुंबांपर्यंत ज्ञान पोंचविणारी विस्तार-सेवा उभी राहिली; गृहशास्त्र शिकलेल्या स्त्रिया खेड्यापाड्यांत जाऊन अन्न टिकविण्याच्या आणि शिजविण्याच्या रीती दाखवूं लागल्या. तरीही गरीब वस्त्यांत त्यांचें म्हणणें पोंचेना. तेव्हां १९६९ सालीं तेथें निराळी योजना निघाली. तींत त्याच वस्तींतल्या, त्याच परिस्थितींतल्या स्त्रिया निवडून त्यांना आहारशिक्षिका केलें, आणि शिकलेल्या तज्ज्ञांनीं त्यांच्या पाठीशीं उभें राहावें असें ठरलें. म्हणजे श्रीमंत देशालाही शेवटीं जामखेडच्याच वाटेनें जावें लागलें.

आतां सेविकेच्या बाजूनें दोन शब्द. शिकण्यासाठीं मन स्वस्थ असावें लागतें. तिला मिळतें तें मानधन, वेतन नव्हे. २०२१ सालीं महाराष्ट्रांतील अनेक सेविकांनीं शासनानें दिलेले मोबाईल फोन परत करण्याचें आंदोलन केलें. फोन नादुरुस्त होतात, आणि माहिती भरण्याच्या नव्या व्यवस्थेंत मराठीची सोय नीट नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्या बाईनें आईशीं माडियांत बोलावें अशी आपली अपेक्षा, तिनेंच इंग्रजी रकाने भरावे ही आपली सक्ति. पुढच्या वर्षीं, २०२२ च्या एप्रिलमध्यें, सर्वोच्च न्यायालयानें अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. त्यांचें काम हें फावल्या वेळचें समाजकार्य नसून खरीखुरी नोकरी आहे, हें त्या निर्णयानें मान्य झालें. हा मानही शिक्षणाचाच एक भाग समजला पाहिजे. जिला आपण स्वतः मान देत नाहीं, तिचें गांवानें ऐकावें ही अपेक्षा कशी धरावी?

श्रोतेहो, आपणांपैकीं कांहीं जण डॉक्टर असतील, आहारतज्ज्ञ असतील, अध्यापक असतील; केव्हां तरी अशा शिबिरांत बोलण्याचें आमंत्रण आपणांस येईल. कांहीं जण देणगीदार असतील, कांहीं नुसते करदाते. आपणां सर्वांना माझी विनंती आहे कीं कोणत्याही प्रशिक्षणाबद्दल किती सेविका आल्या, एवढेंच विचारूं नका. शिबिर त्यांच्या गांवापासून किती दूर होतें, तें विचारा. त्यांच्या भाषेंत कोणी बोललें काय? तेथें चूल पेटली काय? लहान मूल घेऊन आलेल्या सेविकेच्या बाळाकडे पाहण्यास कोणी होतें काय? आणि शिबिरानंतर महिन्याभरांत तिच्या टोल्यावर जाऊन, तिच्या शेजारीं बसून, तिचें काम कोणीं पाहिलें काय? या पांच प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर तें शिबिर लहान असलें तरी चालेल. अहेरीच्या रानांत तीस सेविकांना असें शिकवावयास जो वेळ आणि पैसा लागेल तो मोठ्या सभागृहांतल्या तीनशेंच्या मेळाव्याहून कदाचित् अधिक असेल. पण त्या तीस जणी ज्या घरांत जातील तेथली पेज घट्ट होईल. आणि आपल्याला हवें होतें तें तेवढेंच.